राफ्टमधल्या पुढच्या दोन जागा

त्या माणसाने मला फसवलं. माझ्या व्याह्यांनाही फसवलं. दोघांना एकाच दुपारी, एकाच छत्रीखाली. आणि आम्ही दोघांनी वर त्याचे आभार मानले. आज माझी मुलगी आनंदात आहे, नात गुटगुटीत आहे, मला रात्री स्वस्थ झोप लागते. तरीही फसवणूक ती फसवणूक. माल चांगला निघाला म्हणून खोटं माप खरं ठरत नाही.

आम्ही सगळे त्याला तांडेल म्हणायचो. तांडेल म्हणजे समुद्रावर होडी चालवणाऱ्यांचा म्होरक्या. या माणसाने समुद्र पाहिला असेल तर तो मुंबईला, भेळ खाताना. सगळा जन्म कर्जतच्या डोंगराखाली गेलेला. पण पावसाळ्यात नदीवर राफ्टिंग सुरू झालं की पाचही राफ्ट त्याच्या हाताखाली असायच्या, आणि रबराच्या फुगीर होडीत बसून खडकांमधून माणसं खाली न्यायची म्हणजे कोणीतरी म्होरक्या हवाच. ते नाव त्याला कोणी दिलं माहीत नाही. त्याने ते भाव न करता घेतलं, एवढं खरं.

माझा आणि त्याचा संबंध धंद्याचा. मी मांडववाला. दुसऱ्याच्या मांडवात खुर्च्या उचलून मी सुरुवात केली. आज खालापूरपासून नेरळपर्यंत कुठल्याही फार्महाउसवर लग्न असो की वाढदिवस, खुर्ची बहुधा माझी असते. नदीकाठी राफ्टिंगला येणाऱ्या मंडळींसाठी ताडपत्रीचा मांडव, टेबलं आणि दुपारचं जेवण मी पुरवायचो. त्यामुळे चार पावसाळे मी त्याला रोज पाहिलं.

पहिली गोष्ट कोणाच्याही लक्षात यायची ती म्हणजे त्याची छत्री. काळी, लाकडी मुठीची. ज्या माणसाचा दिवस कमरेपर्यंत पाण्यात जातो, तो पावसाचा एक थेंब अंगावर घ्यायचा नाही. राफ्ट पाण्यात लोटेपर्यंत छत्री डोक्यावर उघडी. मग ती मिटून राफ्टच्या दोरीत खोचायची आणि खाली उतरल्यावर पुन्हा उघडायची. चड्डीतून पाणी गळतंय, आणि हा छत्री धरून उभा.

मी एकदा विचारलं, "तांडेल, भिजलाच आहात, आता छत्री कशाला?"

"नदीचं पानी मी हून अंगावर घेतो, शेट. ह्ये वरचं न विचारता येतंय."

मुंबईच्या लोकांना वाटतं की राफ्टिंग पावसाच्या पाण्यावर चालतं. पाऊस लागतोच, पण वर वीजघर आहे. तिथून पाणी सुटलं की नदीला खरा जोर येतो. ते पाणी खाली पोचेपर्यंत वाट बघायची. लोक बसमधून उतरून, हेल्मेट घालून, लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून उभे राहायचे. समोर नदी आपली गुडघाभर. दोन्ही काठांवर जंगल एवढं दाट की पलीकडचा डोंगर दिसू नये. फांद्या पाण्यावर टेकलेल्या, वेली झाडांवरून खाली आलेल्या, सगळीकडून ठिबक चाललेली. कोणीतरी चिडून विचारायचंच, "अहो, पाणी कुठंय?"

"निघालंय," तांडेल म्हणायचा. जसा एखादा पाहुणा घरून निघालाय.

या वाट बघण्याच्या वेळात त्याचं खरं काम चालायचं. दुसरे राफ्टवाले माणसं वजनावर बसवतात. जाड इकडे, बारीक तिकडे, पोहता येणारा कडेला. तांडेल सगळ्यांसमोर उभा राहून एकच प्रश्न विचारायचा.

"तुमच्यात कोन कोनाशी बोलत नाय?"

लोक हसायचे. तो हसायचा नाही. ज्या दोघांचं पटत नाही, त्यांना राफ्टच्या तोंडाशी शेजारी बसवायचं, एक डावीकडे, एक उजवीकडे, ही त्याची पद्धत. त्याचं म्हणणं असं की मित्र एकमेकांवर भरवसा टाकून वल्हं ढिलं सोडतात. भांडलेला माणूस दुसऱ्यापेक्षा एक फटका कमी मारणार नाही. दोघं सारखा जोर लावतात आणि राफ्ट सुतासारखी सरळ जाते. "पान्यात नाती नसतात," तो म्हणायचा, "बाजू असतात. डावी आनि उजवी."

एकदा एका कंपनीची मंडळी आली होती. तांडेलने प्रश्न विचारल्यावर त्यांचे साहेब पुढे आले आणि म्हणाले, "आमच्याकडे तसं काही नाही. आम्ही सगळे एका कुटुंबासारखे आहोत."

"मग तर नक्की असनार," तांडेल म्हणाला.

त्याने राफ्ट पाण्यातून वर ओढून घेतली आणि तिच्यावर बसून राहिला. शेवटी मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, "सर आणि मी." साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोघांना पुढे बसवलं. ती राफ्ट त्या दिवशी अशी गेली की बाकीच्या चार मागे राहिल्या. जेवताना साहेब त्या बाईंना स्वतः पापड वाढत होते.

दुसऱ्या वेळी नवं लग्न झालेलं जोडपं आलं होतं. तांडेलने विचारलं, "भांडन?"

"नाही हो," दोघं एकदम.

"कदी झालंच नाय?"

"नाही."

"मंग मागं बसा. तुमच्या हातात अजून जोर नाय."

आता माझं आणि त्याचं सांगतो. माझा धंदा घासाघिशीवर उभा आहे. मी आकडा सांगायचा, समोरच्याने कपाळाला हात लावायचा, मी टेंपोकडे निघायचं, त्याने मागून हाक मारायची; याला मी व्यवहार म्हणतो. पहिल्या वर्षी मी त्याला मांडवाचा भाव सांगितला. तो म्हणाला, "चालंल." मी घरी आलो आणि रात्रभर तळमळलो, की कमी सांगितला. पुढे दरवर्षी वाढवत गेलो, चौथ्या वर्षी तोंडाला येईल तो सांगितला. पुन्हा, "चालंल." माझं डोकंच फिरलं. मी नदीकाठी सगळ्यांसमोर ओरडलो, "अहो, एकदा तरी नाही म्हणा की!"

तो शांतपणे म्हणाला, "तुमाला भांडन पायजे तर घरचं आना, शेट. माज्याकडं कशापायी?"

आणि त्याच दिवशी, पाण्याची वाट बघत बसलो असताना, मी घरचं भांडण त्याला सांगितलं.

ते असं होतं. माझ्या मुलीचं लग्न पोशीरला झालं. व्याही भाताचे मोठे शेतकरी, नदीकाठी जमीन, माणूस भारदस्त, अंगानेही भारदस्त. मांडव अर्थातच माझा. मुलीच्या लग्नात मी हात राखला नव्हता. स्टेजवर वरपित्यासाठी मखमली गादीची खास खुर्ची ठेवली होती. आशीर्वाद चालू असताना व्याही तिच्यावर टेकले आणि खुर्चीचा मागचा पाय गेला. व्याही पाठीवर आडवे. फेटा घरंगळत वाजंत्रीवाल्यांपर्यंत गेला. लोक धावले, त्यांना उठवलं. आणि मी म्हणालो, "खुर्ची चांगली होती."

मी एवढंच म्हणालो. ती चांगलीच होती, आजही म्हणतो. पण त्यांनी त्यातून जे समजायचं ते समजून घेतलं. फेटा झटकत म्हणाले, "भाड्याचं सामान आनि भाड्याचीच मानसं." दोन्हीकडच्या वऱ्हाडासमोर. त्यानंतर आमचं बोलणं बंद.

दोन माणसांचं बोलणं बंद असणं ही काही मोठी गोष्ट नाही. पण पुढच्या थंडीत मुलीला दिवस गेले. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात जाऊन लेकीला घेऊन यायचं, आणि ती मागणी व्याह्याने व्याह्याकडे करायची. त्यांनी निरोप पाठवला: आधी त्यांनी बोलावं, मग खुशाल घेऊन जावं. मी निरोप पाठवला: आधी तुम्ही बोला, मग येतो. सातवा संपला. आठवा लागला. माझ्या बायकोने बाळाची दुपटी शिवून, धुऊन, घडी करून ठेवली होती. ती रोज घडी मोडायची आणि रोज पुन्हा करायची. मला म्हणायची, "अहो, एक शब्द. जीभ झिजणार आहे का?" मुलीने तर फोनवर सांगितलं, "बाबा, तुम्ही दोघं मोठे झालात की मला कळवा. तोवर मी इथंच बरी आहे." बरी नव्हती. पाय सुजलेले, रात्री आईची आठवण काढून रडायची, हे जावयाने माझ्या बायकोला सांगितलं होतं.

हे सगळं तांडेलने छत्रीखाली बसून ऐकलं. मग विचारलं, "व्याही तुमचे हातानं जोरदार हायेत काय?"

मी म्हटलं, "मला काय करायचंय?"

श्रावणातला दिवस होता. मी टेबलं उतरवत होतो. तांडेलने हाक मारली, "शेट, जेवनाचं मागनं बघा. एक राफ्ट हलकी हाय, तोंडाशी वजन पायजे. बसा."

मी म्हटलं, "मला पोहता येत नाही."

"तुमाला पोहायला कोन सांगतोय? बसायला सांगतोय."

माझ्या अंगावर जॅकेट चढलं, डोक्यावर हेल्मेट आलं, हातात वल्हं आलं. मागे मुंबईचे चौघे बसले होते, त्यांच्यामागे तांडेल. पुढे उजवीकडे एक रुंद पाठ आधीच बसली होती. मी डावीकडे बसलो, पोरांनी राफ्ट लोटली, आणि प्रवाहाने आम्हाला ओढून घेतल्यावर त्या रुंद पाठीने मान वळवली. व्याही.

त्यांना तांडेलने सांगितलं होतं की तुमच्या शेताच्या कडेला राफ्ट लागतात, तर एकदा फुकट फेरी मारून बघा, काय प्रकार आहे तो. ते माझ्याकडे बघून उठायला गेले. राफ्ट कलली. चौघे किंचाळले. व्याही खाली बसले.

मी मागे वळून म्हणालो, "तांडेल, राफ्ट काठाला घ्या."

"पानी काठाला जात नाय, शेट. खाली जातंय."

मग आम्ही वल्ही मारायला लागलो. न मारून सांगतो कोणाला! त्यांनी एक मारलं की मी एक मारायचो. त्यांनी जोर वाढवला, मी वाढवला. दोन्ही बाजूंची झाडं मागे पळत होती, डोंगरावरून उतरलेले ओहोळ धबाधब नदीत पडत होते, तोंडावर पाण्याचे सपकारे बसत होते, आणि आमच्यात एक शब्द नाही. राफ्ट खरोखर सुतासारखी सरळ चालली होती. मागच्या चौघांतला एक तर म्हणाला, "काका लोक भारी आहेत!"

नदी वळते तिथे एक मोठा काळा खडक आहे. त्याच्या अलीकडे पाणी पांढरं होऊन उसळतं. आम्ही सरळ जात होतो आणि खडक बरोबर समोर होता. राफ्ट वळवायची तर एका बाजूने थांबायला हवं आणि दुसऱ्या बाजूने मारायला हवं. एवढं मलाही कळत होतं, त्यांनाही कळत असणार. पण थांबायचं कोणी? मी थांबलो तर मी हरलो. ते थांबले तर ते. आम्ही दोघं जीव तोडून वल्हं मारत त्या खडकावर निघालो होतो.

मी ओरडलो, "तांडेल, सांगा की, थांबायचं कोणी?" हे मी तांडेलशी बोललो. हे धरायचं नाही.

मी मागे बघितलं. वरून सर आली होती. तांडेलने वल्हं आडवं टाकलं होतं, दोरीतली छत्री काढली होती, आणि तो ती उघडून बसला होता.

त्यानंतरचं मला स्वच्छ आठवतं. व्याही माझ्याकडे वळून ओरडले, "तुमी थांबा, मी मारतो!" मी थांबलो. राफ्ट गर्रकन फिरली, खडक माझ्या खांद्याजवळून गेला, आम्ही पांढऱ्या पाण्यात नाक घालून पुन्हा वर आलो. व्याह्यांना मात्र असं आठवतं की मी ओरडलो, "तुमी मारा, मी थांबतो!" मी तुमी म्हणतच नाही, मी तुम्ही म्हणतो. पण त्यांचं म्हणणं असं की खडक समोर असताना माणूस कसंही बोलतो.

वळणापुढे पाणी निवलं आणि आम्ही दोघांनी एकदम मागे वळून तांडेलवर तोंड सोडलं. "माणूस आहेस का कोण?" मी. "मारत व्हतास की रं आमाला!" व्याही. "पोलिसात देईन!" "पोलिस कशाला, मीच बघतो याच्याकडं!" "धरा हो व्याहीबुवा, त्याची छत्री धरा!" "तुमी डावीकडनं या!" ते उजवीकडून गेले, मी डावीकडून. राफ्ट बुडायला आली. चौघे हात जोडत होते. मग लक्षात आलं, की आपण बोलतोय.

दोघंही आपापल्या जागी परत बसलो. व्याह्यांच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं. त्यांनी खाली बघून विचारलं, "खांद्याला लागलं नाय ना?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्हाला?"

"नाय."

तो खडक मोठा दिसतो पण राफ्ट त्याला कधी लागत नाही. पाणीच तिला बाजूला सारतं, असं मला तांडेलच्या राफ्टवरच्या पोरांनी पुढे महिनाभराने सांगितलं. तेव्हा हे कोणाला माहीत होतं?

राफ्ट व्याह्यांच्या शेताच्या कडेला लागली. उतरल्याबरोबर तांडेलने मला छत्रीखाली घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "शेट, आदी ते बोलले. मी मागं व्हतो, मी ऐकलं. तुमी जिंकलात. आता तोंडावर बोलून दाकवू नका. लेकीला घ्या आनि निगा." मी त्याचा हात दाबला. मग तो व्याह्यांना बाजूला घेऊन गेला. मी लांबून बघत होतो. व्याह्यांनीही त्याचा हात दाबला. मला वाटलं, हरलेल्या माणसाची समजूत घालतोय. चांगला माणूस आहे.

मी त्याच ओल्या कपड्यांनी व्याह्यांच्या घरी गेलो. मोठ्या मनाने गेलो. त्यांनी मोठ्या मनाने चहा दिला. मुलगी दारात आली, आम्हा दोघांना एका पंच्याने डोकं पुसताना बघितलं आणि तिथेच खाली बसून रडायला लागली. संध्याकाळी ती माझ्या टेंपोत पुढे बसून घरी आली. त्या रात्री बायकोने दुपट्यांची घडी मोडली नाही. लेक आठव्या महिन्यातच बाळंत झाली, अवघ्या काही दिवसांत. आई उशाशी होती, दवाखाना घरापासून हाकेवर होता. पोशीरला असती तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पुरा करत नाही. मध्येच सोडतो.

बारशाला व्याही आले. जेवण झालं, पान झालं. व्याही माझ्या पाठीवर हात ठेवून, चारचौघांत, अगदी मायेने म्हणाले, "काय बी म्हना, त्या दिशी तुमी आदी बोललात. मोठेपना तुमचा."

"कोण? मी?"

"तांडेलानंच सांगितलं मला. छत्रीखाली."

मी तांबडालाल झालो. "मला सांगितलं की तुम्ही बोललात!"

"मी? मी मेलो असतो पन बोललो नसतो!"

आवाज चढले. आतून मुलगी बाळाला घेऊन बाहेर आली. "काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो.

"काय नाय गं," व्याही म्हणाले. "पाळना कुटं टांगलाय ते इचारत व्हतो."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं मिळून जाब विचारायला गेलो. तांडेलने तोवर नदी सोडली होती. गुडघे गेले म्हणून माथेरानला भाच्याच्या लॉजवर गल्ल्याशी बसायला लागला होता. वर गाडी जात नाही. व्याह्यांनी घोडा करायचं नाकारलं, मीही नाकारलं, कारण त्यांनी नाकारलं होतं. तांबड्या मातीतून चालत, धापा टाकत, आधी कोण बोललं यावर भांडत आम्ही वर पोचलो. तो व्हरांड्यात बसला होता आणि नुकत्याच उतरलेल्या एका कुटुंबाला विचारत होता, "तुमच्यात कोन कोनाशी बोलत नाय? शेजारशेजारच्या खोल्या देतो."

मी म्हणालो, "तांडेल, खरं सांगा. आधी कोण बोललं?"

"बसा की. च्या घ्या. सांगतो, पन एकेकट्याला सांगतो."

"दोघांसमोर!" आम्ही दोघं ओरडलो.

त्याने जरा विचार केल्यासारखं केलं. "दोगांसमोर मला आठवत नाय."

मग त्याने आम्हाला जेवायला घातलं आणि बिल मागितलं नाही. मी घासाघीस तरी कशावर करणार?

म्हणून आता हे लिहून जाहीर मागतो. मी लेकीला आणायला गेलो तो आधी व्याही बोलले म्हणून. व्याह्यांनी तिला पाठवलं ते आधी मी बोललो म्हणून. दोघांपैकी एकाला या माणसाने सपशेल खोटं सांगितलेलं आहे, आणि ज्याला सांगितलं तो आजतागायत मान वर करून फिरतोय. तो मी नव्हे. नातीचा पहिला वाढदिवस जवळ आला आहे. व्याही येणार आहेत, मी तर असणारच. तांडेल, तुम्हीही यायचं. त्या दिवशी मागे बसलेल्या चौघांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्यांनीही साक्षीला यावं. पोटभर जेवा, आणि मग सगळ्यांसमोर उभे राहून एकच नाव घ्या. माझं किंवा त्यांचं. आठवत नाही हे उत्तर मी ऐकून घेणार नाही.